ज्वालामुखीच्या वायुलोटाचे विमानातून मापन

ज्वालामुखीच्या मुखातून निघून वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वायूंच्या लोटाखालून किंवा लोटातून विमान नेऊन त्या वायूंचे प्रमाण मोजण्याची पद्धत. लोटात सर्वाधिक असते ती पाण्याची वाफ. पण हवेत मुळातच बाष्प भरपूर, त्यामुळे ज्वालामुखीची वाफ वेगळी काढणे जड जाते. सल्फर डायऑक्साइड मात्र स्वच्छ हवेत जवळजवळ नसतोच. मोजणीचा मुख्य आधार तोच.

हा वायू सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेतो. आकाशाकडे रोखलेला वर्णपटमापक (प्रकाशातील कोणते किरण किती आहेत ते मोजणारे उपकरण) घेऊन विमान लोटाच्या खालून, वाऱ्याला आडवे, या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. किती किरण शोषले गेले त्याच्या आलेखाची सपाट रेघ, विमान लोटाखाली शिरताच चढू लागते आणि पलीकडे निघताच उतरते. या उंचवट्याच्या क्षेत्रफळाला वाऱ्याच्या वेगाने गुणले की दिवसाला किती टन वायू सुटतो ते कळते. गोम आहे ती वाऱ्यात: त्याचा वेग जेवढ्या टक्क्यांनी चुकेल, तेवढ्याच टक्क्यांनी उत्तर चुकते. कारखान्यांच्या धुरासाठी बनवलेले ‘कॉस्पेक’ हे उपकरण १९७० च्या दशकात या कामी रुळले.

कार्बन डायऑक्साइडसाठी थेट लोटात शिरून, निरनिराळ्या उंचीवर फेऱ्या मारत बाहेरची हवा नळीने आत ओढावी लागते. हवेत तो आधीच दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो, म्हणून काम किचकट. पण ते सोडून चालत नाही. हा वायू शिलारसातून (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून) खोलवरच सुटतो. सल्फर डायऑक्साइड बराच वर आल्यावर सुटतो आणि वाटेत भूजलातही विरघळतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचे सल्फर डायऑक्साइडशी गुणोत्तर वाढले, तर खालून नवा शिलारस चढत असल्याची शंका घ्यावी लागते.

फिलिपिन्समधील पिनाटुबोवर मे १९९१ मध्ये सल्फर डायऑक्साइड दोन आठवड्यांत दिवसाला सुमारे ५०० टनांवरून ५,००० टनांपुढे गेला आणि जूनच्या आरंभी एकदम घसरला. तो दिलासा नव्हता. वायूंच्या वाटा बुजून आत दाब साठत असल्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. १५ जूनला महास्फोट झाला.

राखेने भरलेल्या लोटात विमान नेत नाहीत. राख इंजिनात वितळून चिकटते. १९८२ मध्ये इंडोनेशियातील गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या जंबो जेटची चारही इंजिने बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाल्याने विमान जकार्त्याला उतरू शकले. मुखाजवळच्या दाट लोटात आता ड्रोन पाठवतात. पापुआ न्यू गिनीतील मानाम या बेटावर २०१९ मध्ये तसे मापन झाले.