राज्याभिषेकाची पार्श्वभूमी : पाणी, छत्र, शपथ आणि आपला मराठवाडा

जून लागला की आपल्याकडं सगळ्यांच्या स्टेटसला रायगड असतो, बीड, जालना, परभणीकडून गाड्या भरून पोरं गडावर जायलेत, बघून लई बरं वाटतं. पण त्या दिवशी गडावर नेमकं काय झालं, राजा करायचा म्हणजे काय काय करायचं असतं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि त्यात मराठवाड्याचा किती संबंध आहे ते तर कुणी काढतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुकुट घातला की राजा झाला हे चित्र टीव्हीनं आपल्या डोक्यात बसवलंय. 6 मे 2023 ला लंडनला तिसऱ्या चार्ल्सचा सोहळा सगळ्यांनी लाइव्ह बघितला. पण त्यांच्यातही जो भाग सगळ्यात पवित्र मानतात तो कॅमेऱ्यावर दाखवलाच नाही, मधी पडदे लावून आर्चबिशपनं राजाच्या हाताला, छातीला, डोक्याला तेल लावलं, आणि ते तेल जेरुसलेमला मंत्रून आणलेलं होतं. आपल्याकडं हे काम पाणी करतं.

वैदिक काळातल्या राजसूय यज्ञात अभिषेकाला सतरा प्रकारचे द्रव गोळा करायचे. सरस्वतीचं पाणी, समुद्राचं, भोवऱ्याचं, विहिरीचं, दवाचं, एवढंच काय ऊन पडलेलं असताना जो पाऊस येतो त्याचंसुद्धा, आणि सोबत दूध, तूप, मध. राजा होण्याआधी त्याला स्वतः सेनापती, ग्रामणी म्हणजे गावाचा मुख्य, सूत म्हणजे सारथी-भाट, कर गोळा करणारा अशांच्या घरी जाऊन आहुती द्यावी लागायची, म्हणजे ज्यांच्या जिवावर राज्य चालवायचं त्यांच्या दारात आधी जायचं. अभिषेक झाल्यावर पुरोहित काठीनं राजाच्या पाठीवर हळूच मारतात असंही शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे, कारण एकदा अशी शिक्षा भोगून झाली की मग तो दंडाच्या पलीकडं गेला. आणि ऐतरेय ब्राह्मण या तसल्याच ग्रंथात शपथ आहे ती तर वाचताना अंगावर काटा येतो. मी जन्मलो त्या रात्रीपासून मरेन त्या रात्रीपर्यंत केलेलं सगळं पुण्य, माझं आयुष्य, माझी लेकरंबाळं, सगळं जावं जर मी तुझा द्रोह केला तर, असं राजा अभिषेक करणाऱ्या पुरोहिताला म्हणतो. आधी शपथ, मग पाणी.

पुढं पुराणांच्या काळात विधी अजून वाढला. अग्निपुराणात अभिषेकाआधी राजाला मातीनं न्हाऊ घालायला सांगितलंय आणि कुठली माती कुठं लावायची हे ठरलेलं. डोक्याला डोंगरमाथ्याची, कानांना वारुळाची, उजव्या दंडाला हत्तीनं दातानं उकरलेली, डाव्याला बैलानं शिंगानं उकरलेली, पोटाला नद्यांच्या संगमाची, गुडघ्यांना गोठ्यातली, कमरेला वेश्येच्या दारातली. राज्यातली एक जागा सोडलेली नाही बघा. मग चार दिशांना चार वर्णांचे अमात्य म्हणजे मंत्री उभे, पूर्वेला सोन्याचा कलश तुपाचा, दक्षिणेला चांदीचा दुधाचा, पश्चिमेला तांब्याचा दह्याचा, उत्तरेला मातीचा पाण्याचा, आणि शूद्र अमात्यानंही स्वतःच्या हातानं अभिषेक करायचा असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मला या सगळ्या विधीतली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

आता आपल्या भागाकडं येऊ. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. त्यांच्या नागनिका राणीच्या नाणेघाटातल्या लेखात अश्वमेधासारख्या मोठमोठ्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी यांची यादीच आहे. तेव्हा यज्ञ करून जगाला सांगायचं की आम्ही राजे. नंतर देवगिरीला यादव आले, पण 1296 ला अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि चित्र फिरलं. 1307 मध्ये खिलजीचा सरदार मलिक काफूरनं यादवांचा राजा रामदेवराय याला धरून दिल्लीला नेलं, तिथं सुलतानानं त्याला रायरायान हा किताब दिला, छत्र दिलं आणि परत पाठवलं. छत्र होतं पण दुसऱ्यानं दिलेलं. ज्यानं दिलं तो काढूनही घेणार, आणि झालंही तसंच, पुढच्या दहाएक वर्षांत यादवांचं राज्य संपलं.

त्याच किल्ल्यावर 1347 ला अलाउद्दीन हसन बहमनशहा दिल्लीशी बंड करून गादीवर बसला. त्यांच्या रीतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या, शुक्रवारच्या नमाजाच्या खुतब्यात म्हणजे प्रवचनात नाव वाचलं गेलं पाहिजे आणि नाणं स्वतःच्या नावाचं पडलं पाहिजे. खुतबा आणि सिक्का (नाणं) झाला की राजा स्वतंत्र.

हे एवढं लक्षात घेतलं की 1674 का लागलं ते कळतं. शिवाजी महाराजांकडं तोवर किल्ले होते, फौज होती, आरमार होतं, सुरत दोनदा लुटून झाली होती. पण विजापूर आणि दिल्लीच्या दफ्तरात ते अजून जहागीरदाराचा मुलगा आणि बंडखोरच. घरातल्याघरात मोठमोठे मराठे सरदारही त्यांना आपल्यातलाच एक समजायचे. दिलेली सनद, केलेला तह कायम टिकायचा तर त्याच्यामागं अभिषिक्त राजा पाहिजे. आणि छत्र कुणाकडून मागून आणायचं नव्हतं.

भोसल्यांचं घराणं आपल्या वेरूळचं, तिथल्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केला. अभिषेक करायला काशीहून ज्यांना बोलावलं त्या गागाभट्ट पंडितांचं मूळ घराणं पैठणचं, त्यांचे पूर्वज रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीला गेले होते. म्हणजे करणारा आणि करून घेणारा, दोघांची मुळं गोदावरीच्या खोऱ्यातली. मधी महाराज क्षत्रिय आहेत का असा वाद निघाला होता, तो महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजींनी भोसले मेवाडच्या सिसोदिया राजपुतांचे वंशज असल्याची वंशावळ आणून मिटवला, मग आधी मुंज झाली, राण्यांशी वैदिक मंत्रांनी लग्न पुन्हा लागलं, सोन्याची तुला झाली म्हणजे महाराजांच्या वजनाइतकं सोनं दान दिलं, आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, 6 जून 1674 ला पहाटे अभिषेक. भोवती अष्टप्रधान.

इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तिथं हजर होता, त्यानं सिंहासनाजवळ काय बघितलं ते लिहून ठेवलंय. उजवीकडं मोठ्या दातांच्या सोन्याच्या दोन माशांची तोंडं, डावीकडं घोड्यांच्या शेपट्या, आणि भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू. मासे म्हणजे मुघल दरबारातला माहीमरातब, मोठ्या मानाचं चिन्ह, तो इथं छत्रपतींच्या बाजूला उभा! वैदिक मंत्र आणि बादशाही चिन्हं दोन्ही एकाच दालनात, कारण दिल्लीलाही कळेल अशा भाषेत सांगायचं होतं. राज्याभिषेक शक म्हणजे नवी कालगणना सुरू झाली, सोन्याचे होन आणि तांब्याची शिवराई पडली, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. सिक्क्याचं कामही असं झालं.

अकराच दिवसांनी, 17 जूनला जिजाऊ गेल्या. निश्चलपुरी गोसावी या तांत्रिक साधूंनी पहिल्या विधीत उणिवा काढल्या आणि 24 सप्टेंबरला तांत्रिक पद्धतीनं दुसरा अभिषेक झाला. काही जण दुसऱ्या विधीवरून भांडतात, पण एका राजानं वैदिक आणि तांत्रिक दोन्ही परंपरांना मान दिला यात भांडण्यासारखं काय आहे?

आपला मराठवाडा मात्र पुढं सव्वादोनशे वर्षं निजामाकडं राहिला. पहिल्या आसफजाहाची कबर आपल्याच खुलताबादला आहे. शेवटचा निजाम मीर उस्मान अली 1911 ला गादीवर आला, 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं, आणि 26 जानेवारी 1950 ला त्याच निजामानं राजप्रमुख म्हणजे राज्यपालासारख्या पदावर राहून संविधानाची शपथ घेतली. 1956 ला ते पदही गेलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला.