बाविसाव्या क्रमांकाची पार्श्वभूमी: डोनोव्हान कारियो आणि मेक्सिकोचं फिगर स्केटिंग

बीजिंगमधल्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकचा निकालपट काढला, तर पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये डोनोव्हान कारियो बाविसाव्या ओळीत सापडतो. एकूण गुण २१८.१३. सुवर्णपदक मिळवणाऱ्या नेथन चेनचे ३३२.६०. नुसते आकडे पाहणारा पुढे सरकेल. पण त्या ओळीत मेक्सिकोचं नाव असणं हीच बातमी होती. त्याआधी मेक्सिकोचा फिगर स्केटर ऑलिंपिकच्या बर्फावर दिसला होता तो १९९२ साली, फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलला. मधली तीस वर्षं कोरडी गेली होती. आणि शॉर्ट प्रोग्रॅम या पहिल्या, छोट्या टप्प्याची चाळण पार करून फ्री स्केट या दुसऱ्या, मोठ्या टप्प्यापर्यंत तर त्या देशाचं कुणीच कधी पोहोचलं नव्हतं.

मेक्सिको हिवाळी खेळांना अगदीच नवखा आहे असं नाही. १९२८ साली सेंट मॉरिट्झला त्यांचा बॉबस्लेचा संघ उतरला होता. त्यानंतर मात्र थेट १९८४ पर्यंत खंड पडला, आणि पुढे जे आले त्यात परदेशात वाढलेले, परदेशातल्या बर्फावर तयार झालेले स्कीपटू बरेच. कारियोचं वेगळेपण इथे आहे. तो शिकला मेक्सिकोत, ऑलिंपिकची पात्रता मिळवली ती मेक्सिकन प्रशिक्षकाच्या हाताखाली, आणि तीही मॉलमधल्या रिंकवर सराव करून.

जन्म १७ नोव्हेंबर १९९९ चा, हालिस्को राज्यातल्या सापोपानचा. हे शहर ग्वादालाहाराला अगदी लागून आहे. मोठी बहीण स्केटिंग शिकत होती, तिच्या मागोमाग वयाच्या आठव्या वर्षी तोही रिंकवर आला. प्रशिक्षक ग्रेगोरियो नुन्येस. काही वर्षांनी ग्वादालाहारातलं ते रिंक बंद पडलं आणि नुन्येस ग्वानाह्वातो राज्यातल्या लेओन शहरात गेले. तेव्हा तेरा वर्षांचा असलेला कारियो घर सोडून प्रशिक्षकांच्या मागोमाग लेओनला गेला. रिंक बंद पडणं ही या खेळातली नेहमीची आपत्ती. मैदान ओस पडलं तरी मैदान राहतं. बर्फ गोठवणारी यंत्रणा चोवीस तास चालवावी लागते, विजेचं बिल कुणाला परवडेनासं झालं की दोन दिवसांत तिथे फक्त ओली फरशी उरते.

लेओनचं रिंक शॉपिंग सेंटरच्या आत होतं आणि ऑलिंपिकच्या मापापेक्षा लहान होतं. हे ‘लहान’ म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घेतलं तर त्याची बरीचशी कारकीर्द उलगडते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणित रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतं. शॉर्ट प्रोग्रॅम २ मिनिटं ४० सेकंदांचा, फ्री स्केट ४ मिनिटांचा. दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. एवढ्या वेळात स्केटरने सगळा बर्फ वापरावा अशी अपेक्षा असते. अवघड उडीआधी वेग साठवावा लागतो, तो क्रॉसओव्हर, म्हणजे एका पायावरून दुसरा पाय टाकत घेतलेली पावलं, घालत लांबलचक वळणावरून येतो. लुट्झसारख्या उडीत तर पाठमोरं सरकत एका पायाच्या बाहेरच्या धारेवर कोपऱ्याच्या दिशेने बराच वेळ तोलून राहावं लागतं आणि मग टो पिक, म्हणजे ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दात, मागे रोवायचा. उडी उतरल्यावर तो वेग कुठेतरी जिरायला हवा, म्हणजे मागे काही मीटर मोकळा बर्फ हवा. रिंक लहान असलं की हे दोन्ही आखडतं. वेग पुरता येण्याआधीच कठडा समोर येतो, आणि पाठीशी कठडा आहे हे शरीराला माहीत असलं की उडी मनमोकळी सुटत नाही.

खरी गंमत उलट बाजूने होते. लहान रिंकवर पक्का बसवलेला कार्यक्रम मोठ्या रिंकवर नेला की त्याचा नकाशाच बदलतो. ज्या ठेक्यावर उडी घ्यायची, त्या ठेक्याला स्केटर अजून ठरलेल्या जागेपासून चार-पाच मीटर अलीकडे असतो. मग दोन पर्याय. एक, तिथेच उडी मारायची आणि बर्फाचा एक भाग रिकामा ठेवायचा. परीक्षकांच्या नजरेतून हे सुटत नाही. दुसरा, दोन-चार क्रॉसओव्हर जास्त घालून जागा गाठायची. त्याची किंमत तिसऱ्या मिनिटाला मांड्यांत जाणवते. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ही ओढाताण निभावून नेता येते. बीजिंगच्या वेळच्या नियमांप्रमाणे फ्री स्केटमध्ये सात उड्या, तीन गिरक्या, एक पदन्यास आणि एक नृत्यरचनेचा तुकडा असे, तिथे ती साचत जाते.

त्यात मॉलचं रिंक म्हणजे सार्वजनिक रिंक. बर्फ हौशी लोकांसाठी राखलेला. फिगर स्केटिंगला उणे ३ ते उणे ४ अंश सेल्सिअसचा, जरा मऊ बर्फ लागतो. धार त्यात रुतते, उतरताना धक्का कमी बसतो. आइस हॉकीचा बर्फ त्याहून गार आणि कडक असतो. हौशी गर्दीने भाड्याच्या बुटांनी खरवडलेल्या बर्फात खड्डे पडतात, आणि उडीच्या वळणावर ब्लेड खड्ड्यात गेलं की अक्ष तिथेच कलंडतो. चार फेऱ्यांची उडी हवेत असते जेमतेम ०.६ ते ०.७ सेकंद. एवढ्यात कलंडलेला अक्ष सावरायला वेळ नसतो. माणूस पडतो.

ब्लेडचंही तसंच. फिगर स्केटिंगचं ब्लेड साधारण ४ मिलिमीटर जाड, तळाला खोलगट पन्हळ, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा. पुढे दातेरी टो पिक. साधारण २० ते ४० तासांच्या सरावानंतर धार लावावी लागते आणि दोन्ही धारा समपातळीत आल्या पाहिजेत. एक जरी किंचित उंच राहिली तरी पाय त्या बाजूला ओढला जातो. या खेळाची माहिती असलेला धारवाला जवळपास नसेल, तर हॉकीच्या ब्लेडला लावतात तशी धार लावून टो पिकचा खालचा दात घासून टाकण्याचे प्रकार सर्रास घडतात. तो दात गेला की गिरकीचा तोल आणि उडीचा टेकू दोन्ही बदलतात, नवं ब्लेड आणलं की सगळं पुन्हा जुळवत बसायचं. ज्या देशात या खेळाची मोजकीच रिंक आहेत, तिथे अशा बारीकसारीक गोष्टींत महिने जातात. प्रतिभेविषयी भरभरून लिहिणारे हे सहसा लिहीत नाहीत.

ज्येष्ठ गटातल्या कारियोकडे जगाचं लक्ष गेलं ते २०१८ साली. मिलानजवळच्या असागोमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे तो फ्री स्केटसाठी पात्र ठरून बाविसावा आला. त्याच वर्षी प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये मात्र मेक्सिकोचा एकही फिगर स्केटर नव्हता. त्यामागे ऑलिंपिकच्या जागावाटपाची पद्धत आहे. जागा खेळाडूला मिळत नाही, देशाला मिळते. आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतल्या क्रमांकांवरून बहुतेक जागा वाटल्या जातात, उरलेल्या थोड्या जागांसाठी शरद ऋतूत पात्रता स्पर्धा होते. मोठ्या देशांकडे दोन-दोन, तीन-तीन जागा जातात. ज्या देशाचा एकुलता एक स्केटर आहे, त्याने जागतिक स्पर्धेच्या दिवशी शॉर्ट प्रोग्रॅममध्ये एक उडी चुकवली तर चार वर्षांचं गणित तिथेच फिसकटतं. मेक्सिको ज्या फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धेत खेळतो त्यात युरोप सोडून बाकी सगळे येतात, म्हणजे जपान, अमेरिका, कॅनडा, चीन, कोरिया, आणि आपला भारतही. तिथे वर चढायला वाव कमीच.

२०२० ची माँट्रियलची जागतिक स्पर्धा साथीमुळे रद्द झाली. मार्च २०२१ मध्ये स्टॉकहोमला रिकाम्या प्रेक्षागृहात स्पर्धा भरली, तिथे कारियो विसावा आला आणि मेक्सिकोची बीजिंगची जागा थेट पक्की झाली. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात वजनदार निकाल हा आहे. बीजिंगचा गाजावाजा झाला, पण स्टॉकहोमला घसरला असता तर सारा भार पात्रता स्पर्धेतल्या मोजक्या जागांवर पडला असता.

४ फेब्रुवारी २०२२ ला उद्घाटनाच्या संचलनात स्कीपटू सारा श्लेपर हिच्यासोबत त्याने मेक्सिकोचा ध्वज धरला. पथकात खेळाडू होते चार. ८ फेब्रुवारीला कॅपिटल इनडोअर स्टेडियममध्ये शॉर्ट प्रोग्रॅम झाला. संगीत कार्लोस सांतानाचं. सांताना जन्माने हालिस्कोमधल्या आउत्लानचा, म्हणजे एकाच राज्यातले दोघे. ही निवड बाहेरच्यांना भावण्यासाठी काढलेली मेक्सिकोची आठवण नव्हती, घरचाच सूर होता.

शॉर्ट प्रोग्रॅममध्ये पुरुषांना सात घटक सक्तीचे असतात: एक दुहेरी किंवा तिहेरी अ‍ॅक्सल (पुढे तोंड करून घ्यायची उडी), एक एकटी तिहेरी वा चौहेरी उडी, एक जोडउडी, तीन प्रकारच्या गिरक्या आणि पदन्यास. यात चूक भरून काढायला जागा नसते. एकट्या उडीच्या जागी ऐन वेळी शरीर उघडून फक्त दोन फेऱ्या झाल्या, तर त्या घटकाला सरळ शून्य.

चौहेरी उडीचा जुगार त्या हंगामाच्या दरांत मांडला तर असा दिसतो. टो लूप आणि साल्कॉव्ह हे उडीचे दोन प्रकार. चौहेरी, म्हणजे चार फेऱ्यांच्या, टो लूपचे मूळ गुण ९.५, चौहेरी साल्कॉव्हचे ९.७. त्याच उड्या तीन फेऱ्यांच्या घेतल्या तर ४.२ आणि ४.३. अंमलबजावणीसाठी परीक्षक उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी देतात, आणि प्रत्येक पायरी मूळ गुणांच्या दहा टक्क्यांची. चौहेरी टो लूपच्या चारही फेऱ्या पुऱ्या करून स्केटर पडला तर उणे ५, म्हणजे ४.७५ गेले, पडण्याचा आणखी एक गुण वजा. हातात उरले ३.७५. साधी तिहेरी उडी नीट उतरवली असती तर याहून जास्त मिळाले असते. फेऱ्या पाव ते अर्ध्या कमी भरल्या तर मूळ गुणच ऐंशी टक्क्यांवर येतात, ९.५ चे ७.६. पहिल्या पाचातल्या स्केटरला हा धोका परवडतो, त्याच्याकडे तसल्या आणखी उड्या असतात. फ्री स्केटला पहिले चोवीसच जातात, त्या रेषेच्या आसपास वावरणाऱ्याला ती एकच उडी वर काढते किंवा घरी पाठवते.

कारियोची चौहेरी उडी त्या दिवशी उतरली. ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोच्या स्केटरने उतरवलेली ती पहिलीच. ७९.६९ गुण, त्याची तोवरची सर्वोत्तम कामगिरी, आणि एकोणिसावा क्रमांक. पहिले चोवीस पुढे जाणार होते.

१० फेब्रुवारीच्या फ्री स्केटमध्ये १३८.४४ गुण मिळाले आणि तो तीन क्रमांक खाली घसरून बाविसावा झाला. त्याला दडपण वगैरे म्हणणं सोपं आहे, पण फ्री स्केटचं गणितच वेगळं असतं. सात उड्यांत तोच प्रकार पुन्हा एकट्याने आला तर त्याला सत्तर टक्केच गुण मिळतात, म्हणून आधीची एक जोडउडी हुकली की तीच उडी पुढे कुठे जोडायची याचा हिशेब धावतच करावा लागतो. शेवटच्या तीन उड्यांना दहा टक्के जास्त मिळतात, म्हणून दमल्यावरच अवघड उड्या ठेवण्याचा मोह होतो. कलात्मक घटकांचे गुण फ्री स्केटमध्ये दुप्पट वजनाने धरले जात, आणि तिथे सगळा बर्फ वापरणारी, रोज पूर्ण मापाच्या रिंकवर सराव करणारी मुलं पुढे निघून जातात. लेओनच्या रिंकने घातलेल्या मर्यादा अडीच मिनिटांत झाकता आल्या, चार मिनिटांत नाही.

त्यामुळे बीजिंगनंतर त्याने सरावाची जागा बदलून कॅनडात टोरांटो गाठलं, यात नवल नव्हतं. तिथे प्रमाणित मापाचा बर्फ, रोजचे ठरलेले तास आणि शेजारी त्याच पातळीचे स्केटर मिळतात. शेवटचं कारण वाटतं त्याहून मोठं आहे. लेओनमध्ये तो ज्या उड्या करू पाहत होता त्या समोर करून दाखवणारं कुणी नव्हतं.

पुढचं ऑलिंपिक चक्र सोपं गेलं नाही. २०२६ च्या मिलान-कोर्तिनासाठी पुरुषांच्या २९ जागा होत्या. त्यातल्या चोवीस मार्च २०२५ च्या बोस्टनमधल्या जागतिक स्पर्धेवरून ठरल्या आणि त्यात मेक्सिकोला जागा मिळाली नाही. उरल्या पाच. त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगमध्ये पात्रता स्पर्धा झाली, आणि स्टॉकहोमच्या वेळी टळलेली परीक्षा त्याला या खेपेला द्यावी लागली. तिथून त्याने मेक्सिकोसाठी दुसऱ्यांदा जागा काढली.