जुना वर्कफ्लो पॉवर ऑटोमेटवर नेण्याआधी

स्टोअरमधून मागणी टाकली की मेल साहेबांकडे, साहेबांनी ‘मंजूर’ दाबलं की अकाउंट्सकडे. नागपूरजवळचं हिंगणा असो की बुटीबोरी, अनेक कारखान्यांत ही साखळी, म्हणजे वर्कफ्लो, दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी शेअरपॉइंटमध्ये (कागद आणि याद्या ठेवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) बसवून दिली. बसवणारा पुण्याला गेला, साखळी चालत राहिली. म्हणून “चाललंय ना, मग कशाला हात लावता?” हे असे वर्कफ्लो नव्या ठिकाणी हलवून देणाऱ्या आम्हाला दर भेटीत ऐकावं लागतं.

हात लावायचा तो तारखांमुळे. क्लाउडवरच्या शेअरपॉइंटमधले २०१० पद्धतीचे वर्कफ्लो मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२० मध्येच बंद केले. २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोंची अखेर २ एप्रिल २०२६ ला ठरवली, मुदतवाढीची सोय ठेवली नाही. इन्फोपाथचे (मायक्रोसॉफ्टचा फॉर्म बनवायचा जुना प्रोग्राम) फॉर्म वापरत असाल तर त्यांची तारीख १४ जुलै २०२६. सर्व्हर तुमच्याच ऑफिसात असेल, तर शेअरपॉइंट २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच दिवशी संपतो.

नवं ठिकाण म्हणजे पॉवर ऑटोमेट, अशी कामं आपोआप पुढे सरकवणारी मायक्रोसॉफ्टचीच सेवा. तिथल्या वर्कफ्लोला ‘फ्लो’ म्हणतात. जुन्या वर्कफ्लोच्या पायऱ्या तिथे नव्याने मांडता येतात, पण साहेबांच्या टेबलावर अर्धवट पडलेली मागणी उचलून नेता येत नाही. त्यामुळे एक तारीख ठरवायची: तिच्या आधीचे कागद जुन्यात निपटवायचे, नंतरचे नव्यात टाकायचे. मार्चअखेरीला आम्ही हे काम घेत नाही. अकाउंट्सवाले तेव्हा कोणाचं ऐकतात!

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. पॉवर ऑटोमेटमध्ये एक फेरी, म्हणजे एका मागणीचा प्रवास, जास्तीत जास्त ३० दिवस चालते. जुन्या वर्कफ्लोत मंजुरी तीन महिने लोंबकळली तरी तो वाट बघत बसायचा. नवा तिसाव्या दिवशी सोडून देतो. “आमच्याकडे एवढा उशीर होत नाही” असं सगळेच सांगतात. मग शेअरपॉइंटमधली मागण्यांची जुनी यादी उघडून दाखवली की दिवाळीच्या आधीची बेअरिंगची मागणी संक्रांतीला मंजूर झालेली निघते. म्हणून कागद कुठे अडलाय ते आम्ही यादीतल्या एका रकान्यात लिहून ठेवतो आणि रोज सकाळी दुसरा छोटा फ्लो तो रकाना बघून आठवण पाठवतो. फ्लोच्या फेऱ्यांचा इतिहास तिथे २८ दिवसच दिसतो, तेव्हा कोणी, कधी मंजुरी दिली तेही यादीतच नोंदवतो. ऑडिटर वर्षभराने विचारतो.

घड्याळाचंही बघावं लागतं. वेगळं सांगितलं नाही तर हा प्लॅटफॉर्म जागतिक वेळ धरतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी नऊची आठवण दुपारी अडीचला येते, हे एकवेळ चालेल. पण रात्रपाळीत १२ तारखेला पहाटे दोनला निघालेल्या गेटपासवर ११ तारीख पडली, तर वॉचमन गाडी फाटकावरच उभी करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

फ्लो कोणाच्या नावावर असावा? तुमच्या कर्मचाऱ्याच्या नाही, आमच्या तर मुळीच नाही. ज्याच्या खात्यातून जोडणी केली ते खातं बंद झालं की फ्लो अडतो. कंपनीचं एक सामायिक खातं उघडा, त्याला परवाना घ्या. शेअरपॉइंट, आउटलुक आणि मंजुऱ्या एवढंच वापरायचं असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या परवान्यात बहुधा भागतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला जोडायचं म्हटलं की जादा परवाना लागतो, तो खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो. टॅलीचं काय, असं प्रत्येक जण विचारतो; त्याचं समोरासमोर बसून बोलू.

कामाची सुरुवात आम्ही कॉम्प्युटरवर करत नाही. एक मागणी हातात घेऊन स्टोअरपासून अकाउंट्सपर्यंत तिच्यासोबत चालत जातो. एका ठिकाणी निघालं की वर्कफ्लो अजून निवृत्त झालेल्या मॅनेजरला मेल पाठवत होता आणि खरी मंजुरी व्हॉट्सॲपवर “सर, करू का?” – “हो” अशी चालली होती. तो वर्कफ्लो जशाचा तसा हलवला असता, तर पैसे घेऊन तीच गडबड आम्ही नव्या घरात मांडून दिली असती. काही वर्कफ्लो तर हलवायचेच नसतात, बंद करायचे असतात. त्यांचे पैसे आम्ही लावत नाही.

पहिल्या भेटीला स्टोअरकीपर हजर असू द्या. साहेब नसले तरी चालेल.