राब, वणवा आणि १५ फेब्रुवारी

फेब्रुवारीच्या मध्यावर जंगलालगतच्या गावांत पूर्वी दवंडी पिटली जायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फलक फिरतो: वणवा हंगाम सुरू, १५ जूनपर्यंत आग लावाल तर कारवाई. वाचणाऱ्याला वाटतं, १४ फेब्रुवारीपर्यंत मुभा होती आणि १६ जूनला ती परत मिळणार. कायद्यात असं काहीही नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून ही खरं तर वनखात्याच्या कामाची मुदत. जाळरेषा (आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे) तोवर साफ झालेल्या असाव्यात, हंगामी फायर वॉचर लागलेले असावेत, गस्त वाढावी, एवढ्यासाठी ती आहे. बंदी या तारखेला सुरू होत नाही आणि संपतही नाही.

घोळ आहे तो कलमाच्या रचनेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ राखीव वनात आग पेटवणं, बाळगणं, घेऊन जाणं गुन्हा ठरवतं. वनअधिकारी जाहीर करील ते हंगाम तेवढे वगळून. म्हणजे मुळात बारमाही बंदी, आणि जाहीर करायची ती सवलत. आपल्याकडे मात्र गाजावाजा होतो बंदीच्या हंगामाचा, आणि सवलतीचा हंगाम कधी असतो हे गावात कुणाला विचारलं तर हसतील. अक्षरशः वाचलं तर राखीव वनातल्या पायवाटेवर बिडीसाठी ओढलेली काडीही यात बसते.

राखीव वनाबाहेरच्या जाळासाठी याच कलमात वेगळी तरतूद आहे: सरकारी नियम मोडून, जंगलाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं. इथे माणूस स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या बांधावरही सापडू शकतो. 'धोका पोहोचेल अशा रीतीने' म्हणजे काय, हे बहुतेक वेळा आग पसरल्यानंतरच ठरतं. तोवर तो भाजणी करणारा शेतकरी असतो, त्यानंतर वणवा लावणारा इसम.

या दोन शब्दांमधलं अंतर जुनं आहे. आगीविषयीच्या या तरतुदी १९२७ च्या कायद्यात आल्या त्या १८७८ च्या कायद्यातून, जवळपास जशाच्या तशा. त्याआधी, १८६० च्या दशकात, मध्य प्रांतातल्या सागाच्या जंगलांत आगबंदीचे प्रयोग सुरू झाले होते. तिथून हा विचार मुंबई इलाख्यात उतरला आणि ठाणे, कुलाब्यात (आजचा रायगड) थेट राबावर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याच्या रीतीवर, आदळला.

राब माहीत नसलेला मराठी वाचक आता शहरात बराच असेल, म्हणून थोडं जवळून. मुरबाडकडे आत्याच्या घरी पाहिलेला राब असा: दाढीच्या (भाताची रोपं वाढवायच्या) तुकड्यावर खाली शेणाचा चुरा, त्यावर ऐन-किंजळीच्या झाडांची वाळलेली कवळं (छाटलेल्या पानांच्या डहाळ्या), मग गवत-पातेरा, आणि सगळ्यांत वर बारीक माती. माती यासाठी, की जाळ भडकू नये, आत धुमसत राहावा. पेटवायचा तो वारा जिकडे जातो त्या कडेने, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश सरकते. बायका कडेला ओल्या डहाळ्या घेऊन उभ्या. पावसाच्या तोंडाशी त्या भाजलेल्या मातीत भात पेरायचं आणि तिथला तरवा उपटून लावणी करायची. तण मरतं, रोप जोमदार येतं. आगीवर इतका ताबा ठेवणाऱ्या या कामाला वणव्याच्या रांगेत बसवणं मला तरी कधी पटलेलं नाही.

खात्याचं दुखणं फक्त आगीचं नव्हतं. कवळं येतात झाडं छाटून, आणि छाटलेला ऐन इमारती लाकूड देत नाही. म्हणून आगीचा नियम आणि कवळतोडीचा नियम एकमेकांत गुंतले. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवरची झाडं कुणाची, कवळं किती तोडायची, कुठल्या जंगलातून, यावर ठाणे-कुलाब्यात इतकी गाऱ्हाणी साचली की १८८५ मध्ये सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्याच दशकात राब खरंच लागतो का, की नुसती सवय आहे, हे तपासायला सरकारी प्रयोगही झाले. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही भातकऱ्याने बांधावर उभ्या उभ्या दिलं असतं, तो प्रश्न सरकारने इतक्या गांभीर्याने घेतला, हे एका अर्थी चांगलंच. पण राबाला मान्यता ही त्यानंतरही सवलत म्हणूनच राहिली, हक्क म्हणून नाही.

कलम २६ मध्येच आणखी एक पोटकलम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. राखीव वनात आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क हवा तितका काळ बंद ठेवू शकतं, कुणाला वेगळी शिक्षा झालेली असो वा नसो. काडी एकाने ओढायची आणि गुरं अख्ख्या गावाची अडायची. कलम ७९ उलट्या दिशेने जातं: जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला धावलंच पाहिजे.

१९७५ मध्ये घोळ वाढला. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमाने ३० ऑगस्टला खासगी वनं सरकारजमा झाली, आणि ती राखीव वनं मानली जातील असं त्यातच लिहिलं होतं. कोकणात कितीतरी उतार असे, की कसणारा तोच, नाचणी-वरीही तीच, आणि कागदावर मात्र वन. काल मालकीच्या जमिनीवरचा राब होता तो एका नोंदीने राखीव वनातली आग झाला. काहींना ती नोंद कित्येक वर्षांनी, कर्जासाठी सातबारा काढल्यावर कळली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक जंगल राखण्याचा अधिकार दिला, त्यामुळे आता आगीबद्दल बोलणारा आणखी एक आवाज आला आहे. विदर्भात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळायचा की झाडून काढायचा, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून जाळ लावू द्यायचा की नाही, हे ठरवण्याची खरी जागा ग्रामसभाच.

डोंगर जाळला की गवत चांगलं फुटतं हा समज मात्र राबाच्या आडोशाला लपवू नये. कोवळे कोंब दिसतात खरे, पण उघड्या उतारावरची माती पहिल्या वळवात खाली येते, आणि शेजारची आंबा-काजूची बाग जाते ती वेगळीच.

अलीकडे नियमांची गर्दीच झाली आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरली. जिल्हा पातळीवरच्या मनाईसाठी जिथे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ लिहीत, तिथे १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं. गादीवाफा, भाताच्या तुसाची काळी राख, थेट टोकणणी या पद्धतींनी काही गावांत राबाची गरजच कमी केली, आणि माझ्या मते इतक्या आदेशांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

शिवाय २००४ पासून उपग्रहावरून आगीचे इशारे येतात, २०१७ पासून अधिक बारीक, ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंत. वनरक्षकाच्या मोबाइलवर ठिपका उमटतो आणि तो चालू लागतो. हा उपग्रह माथ्यावरून जातो दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री तितक्याच वाजता. वारा पडलेला असताना, सकाळी सातला लावलेला राब तोवर राख झालेला असतो. ठिपका उमटतो तो बहुधा भरदुपारी सुटलेल्या आगीचा.