शोषखड्डा तुंबणे (सांगली-सातारा भाग)

सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरायचं थांबलं की त्याला शोषखड्डा तुंबला म्हणतात. संडास भरून येतो, फ्लश केल्यावर पाणी हळू उतरतं, चेंबरच्या झाकणाखालून पाणी वर येतं, परसात वास सुटतो, आणि मग बहुतेक घरांतून पहिला फोन जातो तो मैला उपसायच्या गाडीला. गाडी येते, टाकी रिकामी होते, थोडे दिवस बरं चालतं आणि परत तेच. टाकीचं काम घाण खाली बसवायचं, पाणी मुरवायचं काम पुढच्या खड्ड्याचं किंवा भोकाचा पाईप टाकलेल्या चराचं, आणि दुखणं तिथं असेल तर टाकी कितीदा उपसली तरी पैसेच जातात. सांगली-सातारा भागात तर बऱ्याचदा खड्ड्याचा आकारही बरोबर असतो, अडचण भोवतीच्या मातीत असते.

आधी तुंबलंय कुठं ते बघायचं. एकाच बाथरूमचं पाणी अडत असेल तर ते घरातल्या पाईपचं काम आहे, खड्ड्याचा संबंध नाही. सगळ्याच खोल्यांतलं पाणी अडत असेल तर टाकीच्या आधीचं चेंबर उघडायचं. ते कोरडं असेल तर घर ते चेंबर मधला पाईप अडलाय, भरलेलं असेल तर पुढं जायचं. सगळ्यात चांगली खूण मात्र गाडी आलेल्या दिवशी मिळते आणि ती कोणी बघतच नाही: टाकी रिकामी होताना खड्ड्याकडं जाणाऱ्या पाईपकडं, वाकून डोकं आत न घालता, लांबूनच बॅटरी मारून लक्ष ठेवायचं. तिथून पाणी उलटं टाकीत यायला लागलं तर खड्डा काठोकाठ भरलाय हे नक्की. पाणी येत नसेल आणि खड्डा कोरडा असेल तर मधला पाईप किंवा टाकीतला टी (पाणी बाहेर जायच्या तोंडाला बसवलेला T आकाराचा पाईप) अडकलाय. हा टी तुटलेला असला की वरची साय आणि गाळ थेट खड्ड्यात जातो, म्हणून तो आधी बसवून घ्यावा.

खड्डा आतून बंद का पडतो? पाण्यासोबत येणाऱ्या बारीक घाणीवर हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि मातीच्या तोंडावर काळा बुळबुळीत थर धरतात. थोडा थर पाणी गाळायला चांगलाच असतो, पण टाकी वर्षानुवर्षं उपसली नाही, साय आणि गाळ मिळून टाकीच्या एक तृतीयांशाच्या वर गेले की घाण पुढं सरकते आणि थर जाड होतो. घरगुती टाकी साधारण 2-3 वर्षांनी उपसायची ती यासाठी. बाजारातल्या जिवाणूंच्या पावडरीनं हा बसलेला थर निघेल अशी आशा धरू नये, आणि ॲसिड ओतून तर टाकीतलं चाललेलं कामही बिघडतं. थराला खरा उतारा म्हणजे विश्रांती. पाणी बंद करून खड्डा काही महिने सुका ठेवला की हवा लागून थर बराच मोडतो, म्हणूनच दोन खड्डे करून आलटून पालटून वापरायची पद्धत शहाणपणाची आहे, नवीन घर बांधणाऱ्यानं एकाच मोठ्या खड्ड्याच्या नादी लागू नये.

आता माती. मिरज, पलूस, वाळवा, कराड या कृष्णाकाठच्या पट्ट्यात काळी माती, भिजली की फुगते आणि पाणी घ्यायचं बंद करते. मे महिन्यात तिला भेगा पडलेल्या असतात, तेव्हा बादलीभर पाणी ओतून बघितलं तर सर्रकन खाली जातं, घरमालक आणि गवंडी दोघंही खूश होतात, आणि जुलैत खड्डा भरून पाणी वर येतं. म्हणून चाचणी घ्यायची तर छोटा खड्डा चराच्या तळाइतका खोल घेऊन, तळाला वाळू टाकून, रात्रभर पाणी भरून ठेवून दुसऱ्या दिवशी पातळी किती वेळात 2.5 सेंटिमीटर उतरते ते मोजायचं. तास होऊन गेला तरी उतरत नसेल तर त्या जागेवर साधा शोषखड्डा चालणार नाही. ऊसपट्ट्यात जादा पाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनीत तर भूजलच वर आलेलं असतं, तिथं खड्डा जितका खोल तितका तो पाण्यातच. अशा ठिकाणी उथळ लांब चर किंवा वाळूचा उंचवटा करून त्यात पाईप टाकणं बरं, आणि अंघोळीचं, धुण्याचं पाणी वेगळं काढून कर्दळ-केळीला द्यायचं, खड्ड्यावरचा भार तेवढ्यानंच बराच कमी होतो. पत्र्याचं पावसाचं पाणी खड्ड्याकडं येऊ द्यायचं नाही आणि ऊसाची ट्रॉली त्यावर उभी करायची नाही, माती दबली की पुन्हा पाणी घेत नाही.

पुराचं वेगळं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोका पातळी 45 फूट आहे. पूर ओसरल्यावर घाईनं टाकी उपसू नये, भूजल वर असताना रिकामी टाकी, विशेषतः प्लॅस्टिकची तयार टाकी, वर उचलली जाते आणि पाईप तुटतात. जमिनीतलं पाणी उतरेपर्यंत वापर कमी ठेवायचा, मग टाकीत आलेला गाळ काढून घ्यायचा.

कोणीही असो, टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतल्या वायूनं आणि ऑक्सिजन कमी पडल्यानं क्षणात माणूस पडतो आणि वाचवायला उतरलेलाही जातो. साधनं न देता माणसाकडून असं काम करून घ्यायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे.

माण, खटाव, आटपाडी, जतकडं मुरूम आणि भेगांचा काळा दगड, तिथं खड्डा सहसा तुंबत नाही आणि लोक निर्धास्त असतात. मला वाटतं खरी काळजी तिथंच करायला हवी, कारण भेगेतून पाणी न गाळता थेट विहिरीकडं जाऊ शकतं. महाबळेश्वरच्या जांभ्यातही पाणी झपाट्यानं खाली उतरतं, तिथं खालच्या झऱ्यांचा विचार करावा. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा किमान 18 मीटर आणि घरापासून 6 मीटर ठेवायचा असा मानक नियम आहे, पण अशा दगडात त्याहून जास्त सोडलेलं बरं. पाणी मुरत नाही म्हणून शोषखड्ड्यात बोअर मारायचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो अजिबात करू नये. तसं आधीच केलं असेल तर तो बोअर बंद करून घ्यावा आणि जवळच्या विहिरीचं पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला (पाण्याचे नमुने घेणाऱ्या माणसाला) सांगून तपासायला द्यावं, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा चांगला पाऊस झाल्यावर.