शरदातली मळकी बदकं

मान्सून परतला की नागपूर परिसरातल्या तलावांवर पाहुणी बदकं उतरू लागतात. ऑक्टोबरात पक्ष्यांचं पुस्तक घेऊन काठावर उभं राहणाऱ्या नवख्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: चित्रातल्यासारखं एकही बदक दिसत नाही. सगळी तपकिरी, ठिपकेदार, एकसारखी. मग 'माद्याच आल्यात वाटतं' म्हणून ते डिसेंबरची वाट बघत बसतात. वास्तविक त्या थव्यात नरही असतात, आणि बदकं ओळखायला शिकण्यासाठी हेच दिवस सगळ्यात चांगले.

नर मळके दिसण्याचं कारण उत्तरेतल्या उन्हाळ्यात आहे. विणीचा हंगाम सरत आला की बदकाच्या पंखांतली उडण्याची सगळी मोठी पिसं एकदम झडतात. चिमणी-कावळ्यांची ही पिसं थोडी थोडी बदलतात, त्यामुळे त्यांचं उडणं थांबत नाही. बदकाचं अंग जड आणि त्या मानाने पंख लहान. चार पिसं कमी झाली तरी उडणं अवघड होतं, तेव्हा सगळी एकदाच टाकून नवी उगवू देणं परवडतं. या काळात तीन-चार आठवडे त्याला उडता येत नाही, लव्हाळ्या-गवताच्या दाटीत लपून राहावं लागतं. भडक रंग तिथे जिवावर बेतेल. म्हणून नराच्या अंगावरची पिसं त्याआधीच बदलतात आणि तो मादीसारखा दिसू लागतो. पंख नवे आले की प्रवास सुरू होतो, अंगावर मात्र तोच मळका पेहराव.

रंग परततात ते हिवाळ्यात, आपल्याकडे असताना. बऱ्याच पक्ष्यांच्या जोड्या विणीच्या जागी जमतात. पाहुण्या बदकांच्या बऱ्याच जोड्या मात्र इथेच, थंडीत जमतात. पुढे मादी आपल्या जन्मभागाकडे परतते आणि नर तिच्या मागे जातो. ऑक्टोबर ते डिसेंबर दर आठवड्याला एकाच तलावावर गेलं, तर नराच्या छातीवर, बगलेवर नवी पिसं ठिगळासारखी उगवताना दिसतात. हे बघायला मिळणं मोठी चैन आहे.

रंगाचा आधार नसताना ओळखायचं कसं? आधी मोजपट्टी ठरवा. आपलं हळदी-कुंकू बदक बारमाही इथलं, लांबी साधारण 60 सेंटीमीटर, चोचीचं टोक पिवळं, नर-मादी जवळपास सारखे. त्याच्या शेजारी पाहुणा पोहत आला की तुलना करा. चक्रांग बदक त्याच्या निम्म्याहून थोडंच मोठं. तलवार बदक लांबीला बरोबरीचं, पण मान बारीक आणि उंच, शेपटी टोकदार. थापट्या बदकाची चोच डोक्यापेक्षा लांब आणि पुढे रुंद होत गेलेली. ती दिसली की दुसरं काही बघायची गरज नाही.

घोटाळा होतो तो चक्रांग आणि भुवई बदकात. दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी. भुवई बदकाच्या डोळ्यातून गडद रेघ जाते, तिच्यावर फिकट भुवई आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. चक्रांगाचा चेहरा साधा, पण शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट पट्टा असतो. शिवाय काळं अंग, पांढरं कपाळ असलेला वारकरी अनेकजण बदकांत मोजतात. तो बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे.

नर-मादी ठरवायचं तर पंख बघा. पंखाची पिसं वर्षातून एकदाच बदलतात, त्यामुळे मळक्या पेहरावातही नराचा पंख नराचाच राहतो. थापट्या आणि भुवई बदक या दोघांच्या नरांच्या पंखाचा पुढचा भाग निळसर असतो. बसलेलं असताना तो झाकलेला राहतो. पक्षी पंख फडफडवतो किंवा उतरतो त्या दोन क्षणांत दिसतो, म्हणून दुर्बीण थव्यावरून लगेच हटवू नका. थापट्याच्या प्रौढ नराचा डोळाही पिवळा असतो.

जागेचं गणित पाण्याच्या खोलीवर आहे. ही सगळी बदकं डोकं खाली, शेपटी वर करून खातात. मान पोहोचेल तेवढंच पाणी त्यांच्या कामाचं. पावसाळ्यानंतर तलाव काठोकाठ भरलेला असतो, तेव्हा पाळीजवळच्या खोल पाण्यात फार काही मिळत नाही. पाळीच्या समोरच्या टोकाला, नाला येऊन मिळतो तिथला उथळ भाग बघा. गावतलावात शिंगाड्याची वेल असेल तर तिच्या कडेनेही नजर फिरवा. तिथे कमळपक्षी हमखास भेटतो. बेशरमने गच्च भरलेला काठ मात्र बदकं टाळतात.

दुर्बीण 8×42 पुरते: 8 म्हणजे किती पट मोठं दिसतं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. 42 ला 8 ने भागलं की 5 मिलिमीटरहून थोडा मोठा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, पहाटेच्या अंधुक उजेडात तेवढा लागतो. त्याहून जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते. वापरण्याआधी उजवी बाजू झाकून, डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर एखादा दूरचा खांब स्पष्ट करा. मग डावी बाजू झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळच्या कड्याने तोच खांब स्पष्ट करा. ही पायरी गाळली की चित्र धूसर दिसतं आणि डोकं दुखतं. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली दाबून ठेवा.

नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी पूर्वेच्या बाजूने बघावं, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. संध्याकाळी तिथूनच फक्त काळ्या आकृत्या दिसतात. ऑक्टोबरात ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरू लागते. कमी-जास्त तापलेल्या थरांतून प्रकाश वाकत येतो, महागड्या दुर्बिणीलाही त्यावर उपाय नाही. थव्यातल्या माना एकदम उंच झाल्या, तर थांबा, दोन पावलं मागे या. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला उगाच उडवणं म्हणजे त्याची साठवलेली चरबी जाळणं.

मोजताना आधी 10 पक्षी नेमके मोजा, त्यांनी व्यापलेली जागा ध्यानात घ्या आणि तेवढ्या पट्ट्यांनी थवा मोजत जा. वहीत प्रत्येक जातीसाठी नर, मादी आणि 'ठरवता आलं नाही' असे तीन रकाने करा. तलवार बदक आणि चक्रांगाचा तिसरा रकाना डिसेंबरपर्यंत बराच रिकामा होतो. भुवई बदकाचा जानेवारीतही भरलेलाच राहतो, कारण त्याचे नर सगळ्यात उशिरा, परतायच्या तोंडावर रंगतात. पांढरी रुंद भुवई बघायची असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच काठावर पुन्हा जावं लागेल.