कारच्या पाठीवर सायकल: पट्ट्यांच्या रॅकची पार्श्वभूमी

डिकीला चार-सहा पट्ट्यांनी आवळून बसवायचा सायकल रॅक पुण्या-नाशिकच्या सायकलवाल्यांना आता नवा नाही. त्याचा इतिहास मात्र सायकलपेक्षा कारच्या मागच्या बाजूचा जास्त आहे. मोटार बनवणाऱ्यांनी तिथे जे जे बदलले, त्यानुसार रॅकवाल्यांना आपली रचना बदलावी लागली.

मूळ गोष्ट अमेरिकेतली. १९६०च्या दशकातल्या तिथल्या गाड्यांना मागे जाड पोलादी, क्रोम चढवलेले बंपर असत. त्यांच्या कडेला आकडे अडकवून त्यावर सायकल टांगायची, ही पहिली सोपी सोय. डिकीच्या झाकणावर टेकणारा रॅक आपणच १९६७ मध्ये पहिल्यांदा काढला, असे ॲलन ही कंपनी सांगते. त्या काळात सायकल ही तिथे मुख्यतः मुलांची वस्तू होती, त्यामुळे गिऱ्हाईक थोडे होते.

चित्र पालटले ते १९७० नंतर. दहा गिअरच्या हलक्या सायकली आल्या आणि मोठी माणसे सायकलवर बसू लागली. १९७० मध्ये अमेरिकेत सुमारे ७० लाख सायकली विकल्या गेल्या होत्या. १९७३ मध्ये हा आकडा दीड कोटीच्या पुढे गेला. ही माणसे उपनगरांत राहत आणि सायकल चालवण्याजोगे रस्ते शहराबाहेर असत, म्हणून सायकल कारने न्यायची गरज एकाएकी घरोघरी निर्माण झाली. हॉलीवूड रॅक्स ही कंपनी १९७३ चीच. स्वीडनची थूले त्याआधी, १९६२ मध्ये, छतावरच्या कॅरिअरकडे वळली होती.

नेमक्या त्याच वेळी बंपर बदलला. अमेरिकी सरकारच्या नियमानुसार १९७३च्या मॉडेलांपासून पुढच्या बंपरला ताशी ५ मैलांची धडक सोसणे भाग पडले आणि पुढच्या वर्षी मागच्या बंपरलाही. बंपर आधी अवजड झाले, मग हळूहळू रंगवलेल्या प्लास्टिकच्या कवचाखाली गेले. आकडा अडकवायला पोलादी कडच उरली नाही. म्हणून भार डिकीच्या झाकणाकडे सरकला आणि पट्ट्यांचे महत्त्व वाढले.

या रॅकमध्ये मला सर्वात भावते ती त्याची साधी यंत्रणा. सायकली गाडीपासून थोड्या मागे लोंबतात, म्हणून सगळा सांगाडा मागे कलंडू पाहतो. वरच्या पट्ट्यांचे हुक डिकीच्या वरच्या कडेत बसतात आणि त्याला मागे पडू देत नाहीत. खालचे पाय बंपरवर किंवा झाकणाच्या खालच्या भागावर टेकतात; वजनाचा मोठा वाटा त्यांच्यावर येतो. खालचे पट्टे खड्ड्यांत रॅक उसळू देत नाहीत आणि बाजूचे पट्टे वळणावर तो डोलू देत नाहीत. एक जरी ढिला राहिला तरी बाकीच्यांवर भलताच ताण येतो. म्हणून थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ओढून पाहावेत. नायलॉनचा पट्टा भाराखाली थोडा सैलावतोच. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे, कारण त्या गरम हवेने रबर खराब होते.

पुढे हॅचबॅक गाड्या वाढल्या. मागच्या दाराची वरची कड काही गाड्यांत काचेची, तर काहींत प्लास्टिकच्या स्पॉयलरची, म्हणजे काचेच्या वर बाहेर आलेल्या पट्टीची, झाली. धातूच्या कडेसाठी घडवलेला हुक काचेवर लावणे धोक्याचे, त्यामुळे दाराच्या आत अडकणारे वेगळे हुक निघाले आणि कोणत्या गाडीला कोणता रॅक चालतो याच्या याद्या कंपन्या देऊ लागल्या. १९९०च्या दशकात फाबिओ पेद्रिनी या इटालियन डिझायनरने अमेरिकेतल्या सारिस कंपनीसाठी ‘बोन्स’ हा रॅक रचला. त्याचे कमानदार, साच्यात ओतलेले पाय स्पॉयलरला वळसा घालून जातात. गंजणाऱ्या सरळ नळ्यांच्या काळात ही फार मोठी सुधारणा होती, असे माझे मत आहे.

सायकलीही जुन्या राहिल्या नाहीत. टांगता रॅक गृहीत धरतो ती आडवी दांडी. लेडीज सायकलला ती नसतेच. १९९०च्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीने माइक बरोज यांच्या रचनेतून उतरत्या दांडीची रेसिंग सायकल आणली आणि तो आकार सर्वत्र पसरला. अशा सायकलींसाठी सीटपासून हँडलपर्यंत लावायची वेगळी जोडदांडी वापरावी लागते. कार्बनच्या फ्रेमला पकडीचा दाब सोसत नाही, तर वीस-पंचवीस किलोची ई-सायकल पट्ट्यांच्या बऱ्याच रॅकांच्या क्षमतेबाहेर जाते. ते साधारण प्रत्येक सायकलीला पंधरा-सोळा किलोच धरतात. त्यामुळे अमेरिका-युरोपात टो-हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे असलेल्या जोडणीवर बसणारे, चाके तळातून पेलणारे रॅक पुढे आले.

आपल्याकडे ही साखळी वेगळ्या वाटेने आली. पूर्वी गावी सायकल न्यायची तर ती एसटीच्या टपावर चढवत किंवा अँबॅसिडर-फियाटच्या छतावरच्या कॅरिअरला दोरीने बांधत. त्या गाड्यांच्या छताला पन्हळ असे, कॅरिअर तिला पकडे. खासगी गाडीच्या मागे रॅक दिसू लागला तो हौशी सायकलिंग वाढल्यावर. पुणे ते गोवा अशा डेक्कन क्लिफहँगर शर्यतीत स्पर्धकामागे साथीदारांची गाडी असते आणि जादा सायकल सोबत न्यावी लागते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण करून आले, तेव्हा लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले.

आपल्या कारना टो-हिच सहसा नसते, त्यामुळे पट्ट्यांचा रॅक आपल्याकडे अजून उपयोगाचा आहे. अडचण येते ती नंबर प्लेटची. मागे टांगलेल्या सायकली ती झाकतात, बऱ्याचदा मागचे दिवेही, आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसलाच पाहिजे असा कायदा आहे. युरोपात याच कारणाने दिवे आणि क्रमांक असलेली वेगळी पाटी रॅकवर लावतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे, ती काढून दुसरीकडे हलवता येत नाही. तेव्हा सायकली जितक्या वर टांगता येतील तितक्या टांगाव्या, आणि निघण्यापूर्वी गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहून क्रमांक आणि दिवे दोन्ही दिसतात का ते पाहावे.